ग्वेन्ह्लिअन, एलिनेड की हेलेद? तीन दुर्मीळ वेल्श नावांचा तुलनात्मक आढावा

आईबाबांपैकी एक जण वेल्श आणि एक मराठी, किंवा दोघंही मराठी पण नोकरीधंद्यानं कार्डिफ-स्वान्सीकडे रुजलेले. अशा घरात मुलीच्या नावाची चर्चा सुरू झाली की एक टप्पा हमखास येतो. ओवी, रेवा, ईरा वगैरे फिरून झालेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘इथलंच एखादं जुनं नाव ठेवूया ना, सहसा कुणाचं नसलेलं.’ मग मोबाइलवर याद्या उघडतात आणि घोळ सुरू होतो.

या याद्यांवर फार विसंबू नये. दुर्मीळ म्हणून त्या ‘सेरेन’ सुचवतात. सेरेन म्हणजे तारा. नाव गोड आहे, पण वेल्समध्ये मुलींना ठेवल्या जाणाऱ्या वेल्श नावांत ते कित्येक वर्षं अगदी वरच्या रांगेत आहे. त्याच यादीत ‘रिॲनन’ असतं, जे 1970च्या दशकात फ्लीटवूड मॅकच्या गाण्यावर बसून थेट अमेरिकेत पोचलं. आणि त्याच यादीत ‘ब्लोडेइवेद’ही असतं, अर्थ ‘फुलासारखा चेहरा असलेली’. जुन्या वेल्श कथेत ही बाई ओक, ब्रूम आणि मेडोस्वीटच्या फुलांपासून जादूनं घडवली जाते, पुढे प्रियकराला हाताशी धरून नवऱ्याला मारायचा कट रचते आणि शिक्षा म्हणून तिचं घुबड होतं, हे मात्र यादीत कुणी लिहीत नाही.

म्हणून इथे तीनच नावं घेतो: ग्वेन्ह्लिअन, एलिनेड आणि हेलेद. तिन्ही अस्सल, तिन्ही जुनी, तिन्ही आजच्या इंग्लंडमध्ये किंवा पुण्यात उच्चारली तर समोरचा ‘काय?’ म्हणून परत विचारेल अशी. पण त्यांचं दुर्मीळपण एकाच जातीचं नाही, आणि निवड करताना खरा फरक तिथेच पडतो. काही नावं बाहेर दुर्मीळ असतात पण घरी ओळखीची असतात. काही एकेकाळी गल्लोगल्ली होती आणि आता आज्यांपुरती उरली आहेत. आणि काही नावं ब्लोडेइवेदसारखी, कथेतल्या पात्राची, जी वेल्श माणूससुद्धा पोटच्या पोरीला ठेवताना दहादा विचार करेल. शेवटच्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. पहिल्या दोहोंत मात्र निवड अवघड आहे.

ग्वेन्ह्लिअन

आधी लिहिण्याचा प्रश्न मिटवू. इंग्लिश लिपीत या नावाच्या मधोमध दोन ‘एल’ येतात. वेल्शमध्ये तो स्वतंत्र ध्वनी आहे: जीभ ‘ल’ म्हणायच्या जागी ठेवायची आणि आवाज न काढता कडांनी नुसती हवा सोडायची. मराठीत हा ध्वनी नाही. आपला ‘ळ’ इथे कामाचा नाही, तो वेगळ्याच ठिकाणी उच्चारला जातो. ‘प्रह्लाद’मधला ‘ह्ल’ त्यातल्या त्यात जवळचा. म्हणून ग्वेन्ह्लिअन. आघात ‘ह्लि’वर.

‘ग्वेन’ म्हणजे गोरी, शुभ्र, आणि जुन्या वापरात पवित्रसुद्धा. दुसरा भाग बहुधा ‘ह्लिआइन’, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड, लिनन. त्यावरून ‘जवसाच्या तंतूंसारख्या सोनेरी केसांची’ असा अर्थ लावतात. दुसरा भाग ‘प्रवाह’ या अर्थाच्या शब्दाशी जोडणारेही आहेत. अर्थ काहीही घ्या, वेल्श माणसाला हे नाव ऐकल्यावर लिनन आठवत नाही. त्याला दोन बायका आठवतात.

पहिली बाराव्या शतकातली. ग्विनेदच्या राजाची, ग्रिफिद अप कनानची मुलगी (‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’). दक्षिणेकडच्या देह्युबार्थ राज्याचा वारस ग्रिफिद अप रीस याच्याशी तिचं लग्न झालं. त्या काळात नॉर्मन सरदार दक्षिण वेल्स एकेक किल्ला करत गिळत होते. 1136 साली उठाव झाला तेव्हा नवरा मदत मागायला उत्तरेत सासऱ्याकडे गेला होता, आणि मागे किडवेलीच्या किल्ल्यावरची फौज येते म्हटल्यावर हिनं स्वतः सैन्य काढलं. लढाईत ती हरली. एक मुलगा मारला गेला, दुसरा पकडला गेला आणि तिचा शिरच्छेद झाला असं सांगतात. किडवेलीच्या उत्तरेला ते रान अजून ‘माइस ग्वेन्ह्लिअन’, म्हणजे ग्वेन्ह्लिअनचं शेत, या नावानं ओळखलं जातं. तिचाच एक धाकटा मुलगा पुढे ‘लॉर्ड रीस’ म्हणून गाजला आणि 1176 साली कार्डिगनच्या किल्ल्यात त्यानं कवी-गायकांची मोठी सभा भरवली. आज ज्याला आइस्टेडफोड म्हणतात त्या परंपरेची सुरुवात तिथून मोजतात.

दुसरी ग्वेन्ह्लिअन तेराव्या शतकातली, आणि तिच्या वाट्याला लढाईसुद्धा आली नाही. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र ह्लवेलिन अप ग्रिफिद याची ती एकुलती एक मुलगी. जून 1282 मध्ये जन्मली आणि आई बाळंतपणातच गेली. डिसेंबरमध्ये किल्मेरीजवळ बाप मारला गेला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला या मुलीचं लग्न होऊन तिच्या पोटी वारस निपजणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यानं तान्ह्या पोरीला उचलून पार लिंकनशरमध्ये, सेम्प्रिंगमच्या मठात ठेवलं. जून 1337 मध्ये ती तिथेच वारली. चौपन्न वर्षं एका भिंतीच्या आत. आपली भाषा तिला कधी ऐकायला मिळाली असेल असं वाटत नाही. इंग्लिश कागदपत्रांत तिचं नाव ‘वेन्सिलिअन’ अशा मोडक्या रूपांत येतं, कारण लिहिणाऱ्याला तो ‘ह्ल’ जमत नव्हता. दरम्यान 1301 साली एडवर्डनं ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही पदवी स्वतःच्या मुलाला देऊन टाकली होती.

आज सेम्प्रिंगमला तिच्या स्मरणाचा दगड आहे. उत्तर वेल्समधल्या कार्नेदाइ डोंगररांगेतलं 926 मीटर उंचीचं ‘कार्नेद इखाव’ हे शिखर 2009 साली तिच्या नावानं ‘कार्नेद ग्वेन्ह्लिअन’ झालं, त्यासाठी तिच्या नावानं काम करणाऱ्या संस्थेनं पाठपुरावा केला होता. थोडक्यात, या नावाला वेल्समध्ये राजकीय वजन आहे. कुणी मुद्दाम निवडलं तर ‘आम्ही कोण आहोत हे विसरलो नाही’ असं सांगणारं नाव आहे ते. वेल्श घरात ते शोभतं. दोघंही मराठी असलेल्या घरानं ते घ्यावं का? घ्यायला हरकत काहीच नाही, पण मग ही गोष्ट मुलीला सांगता आली पाहिजे, कारण वेल्श शाळेत तिला ती विचारली जाणारच.

एलिनेड

इंग्लिश अक्षरांत बघणारा माणूस याला ‘एलुनेड’ म्हणतो. पण वेल्शमधल्या ‘यू’ या अक्षराचा उच्चार दक्षिणेत सरळ ‘इ’ होतो, आणि उत्तरेत ‘इ’च्या जवळचा, जरा घशाकडे ओढलेला. म्हणून एलिनेड, आघात ‘लि’वर. देवनागरीचा इथे फायदा आहे. आपण ऐकलं तसं लिहितो, म्हणून सांगलीतली आजी हे नाव लंडनच्या शिक्षिकेपेक्षा आधी बरोबर वाचेल.

‘आइलिन’ म्हणजे प्रतिमा, मूर्ती. त्यावरून हे नाव आलं असं मानतात. आपल्याकडे ‘प्रतिमा’ नाव ठेवतातच, तेव्हा अर्थ समजावून सांगायचे कष्ट नाहीत.

या नावामागेही दोघी आहेत. पहिली संत. ब्रेकन भागातल्या ब्रखन राजाच्या कितीतरी मुली संत झाल्या असं वेल्श परंपरा सांगते, त्यातलीच ही एक. नको असलेल्या लग्नापासून पळाली, पाठलाग करणाऱ्यानं तिचं डोकं उडवलं आणि जिथे ते पडलं तिथे झरा फुटला अशी कथा. ब्रेकनजवळच्या टेकडीवर तिचं देऊळ, म्हणजे चॅपल, होतं आणि दर 1 ऑगस्टला तिथे जत्रा भरायची. 1188 साली वेल्सभर फिरलेल्या जेराल्ड नावाच्या धर्मगुरूनं ती जत्रा वर्णन करून ठेवली आहे. लॅटिनमध्ये तो तिला आल्मेधा म्हणतो. लोक चर्चभोवती, दफनभूमीत गाणी म्हणत फेर धरायचे, मध्येच कुणी धाडकन जमिनीवर पडायचं, मग झटक्यात उठून सणाच्या दिवशी न करायचं जे काम त्यानं केलं असेल त्याचा हातापायांनी अभिनय करायचं. कुणी नांगर धरतो, कुणी बैल हाकतो, कुणी चांभारासारखा जोडा शिवतो, एखादी पोर हवेतच सूत कातते आणि माग चालवते. नंतर त्यांना वेदीपाशी नेलं की ती भानावर यायची. जत्रेत अंगात येताना ज्यानं पाहिलंय त्याला हे वाचून मुळीच परकं वाटणार नाही.

दुसरी एलिनेड कथेतली, तिथे नाव आखूड होऊन ‘लिनेड’ झालंय. आर्थरच्या दरबारातला ओवाइन दरवाज्यांच्या मध्ये सापळ्यात अडकतो तेव्हा ही चतुर बाई त्याला अदृश्य करणारी अंगठी देते, लपवते, आणि पुढे आपल्या मालकिणीची समजूत घालून तिचं त्याच्याशी लग्नही जुळवून देते. बाराव्या शतकातल्या फ्रेंच काव्यात हीच ‘लुनेत’ होते आणि टेनिसननं 1872 मध्ये आपल्या काव्यात ‘लिनेट’ आणल्यावर ते इंग्लिश नाव म्हणून चाललं. म्हणजे एलिनेडची एक नात बाहेरगावी सुखात नांदतेय.

खऱ्या जगातल्या एलिनेडही काही कमी नाहीत. पॅटागोनियातल्या वेल्श वसाहतीबद्दल लिहिणारी लेखिका एलिनेड मॉर्गन (1870–1938) जहाजावर जन्मली होती. कवयित्री एलिनेड फिलिप्सनं राष्ट्रीय आइस्टेडफोडचा मुकुट, म्हणजे कवितेचा मोठा मान, 1967 आणि 1983 असा दोनदा जिंकला, आणि हा मुकुट बायकांच्या वाट्याला क्वचितच आलेला. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एक एलिनेड मॉर्गन वेल्सच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख, झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्या दिवसांत बातम्या देणाऱ्यांना हे नाव नीट म्हणायला शिकावं लागलं. तुमच्या मुलीला त्याचा आयता फायदा.

तोटा एकच: हे आज वेल्समध्ये आजीचं नाव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बरंच ठेवलं जायचं, नंतर मागे पडलं. तरुण वेल्श आईला ते थोडं ‘इंदुमती’ छापाचं वाटू शकतं. पण आजीच्या नावांचा एक गुण असतो, ती एक पिढी वगळून ताजी वाटायला लागतात. मला तरी हा तोटा वाटत नाही.

हेलेद

तिघींत सगळ्यांत आखूड, ऐकायला सगळ्यांत देखणं, आणि गोष्ट सगळ्यांत काळीकुट्ट.

उच्चार सोपा. शेवटचा जोड-‘डी’ वेल्शमध्ये ‘द’कडे झुकतो, इंग्लिश ‘द’मधल्यासारखा. आघात पहिल्या अक्षरावर. मराठी जिभेला काहीच त्रास नाही. कानाला ‘हेल’, ‘हेलावणं’, ‘हेलकावा’ असे आपलेच शब्द आसपास घुटमळतात. इंग्लिश शाळेत मात्र पहिलं ‘हेल’ ऐकून पोरं खिदळणार, त्याची तयारी ठेवावी.

नावाच्या अर्थाबाबत अपेक्षा कमी ठेवा. ‘हेलेद’ असा एक साधा शब्द वेल्शमध्ये आहे आणि त्याचा अर्थ मिठाचं आगर किंवा खाऱ्या पाण्याचा खड्डा. नावाचा त्याच्याशी संबंध लावला जातो, पण कुणी अर्थासाठी हे नाव ठेवत नाही.

हेलेद ही सातव्या शतकातली पोविस राज्याची राजकन्या, राजा किन्दलनची बहीण. इंग्लिशांच्या हल्ल्यात भाऊ मेले, पेंग्वेर्नचा वाडा जळाला आणि ही एकटी मागे राहिली. तिच्या तोंडी घातलेल्या विलापाच्या ओळी नवव्या-दहाव्या शतकातल्या मानतात आणि त्या चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘हेर्गेस्टच्या लाल ग्रंथा’त आपल्यापर्यंत आल्या. रात्री अंधारात बुडालेलं भावाचं दालन, आत ना विस्तव ना अंथरूण, आणि बाहेर रक्ताला चटावलेला गरुड: इतकंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते. सगळ्यांत टोचणारी गोष्ट ही की या नाशाला आपली जीभ कारणीभूत झाली असं ती स्वतःच म्हणते. काय बोलली ते कवितेत येत नाही.

आपल्याकडे ‘सीता नाव ठेवू नये, वनवास नशिबी येतो’ म्हणणारी माणसं अजून आहेत. घरात तशी कुणी असेल तर हेलेदची गोष्ट बारशाच्या आधी सांगू नका, इतकंच. वेल्श लोक हा विचार करत नाहीत. त्यांना हे नाव वेल्श कवितेतल्या अत्यंत सुंदर ओळींशी जोडलेलं वाटतं, आणि वेल्श बोलणाऱ्या घरांत ते आजही चालू आहे. 2021 पासून वेल्सच्या संसदेत, सेनेदमध्ये, निवडून गेलेल्या हेलेद व्हखन हे त्याचं ठळक उदाहरण. म्हणजे हे पहिल्या जातीचं दुर्मीळ नाव: बाहेर कुणालाच ठाऊक नाही, पण उत्तर वेल्समधल्या काइर्नार्वनच्या बाजारात हाक मारली तर कुणी नवलानं वळून बघणार नाही.

आत्या नाव कानात कशी सांगणार?

आता खऱ्या परीक्षेकडे. बारशाला नाव आत्या कानात सांगते. बाप वेल्श असेल तर आत्याही वेल्श, मग तिन्ही नावं बिनघोर. पण बाप मराठी असेल आणि आत्या साताऱ्याहून आलेली असेल तर तिला ‘ग्वेन्ह्लिअन’ कुजबुजायचंय, तेही पाठीत धपाटे बसत असताना. ‘ग्वेनलीन’, ‘ग्वेनिलियन’, ‘गोवेन’ अशी काहीतरी बाहेर पडणार. हेलेद आणि एलिनेड या परीक्षेत सहज पास होतात. एलिनेडचं लाडकं रूप ‘एली’ आपोआप होतं, वेल्शमध्ये ‘लिनेड’ तर आहेच. ग्वेन्ह्लिअनची लाडकी रूपं मात्र तिच्यापेक्षा सोपी आहेत: ग्वेन, ग्वेनो, आणि वेल्श घरांत ‘ह्लिओ’. घरी ग्वेन आणि कागदावर ग्वेन्ह्लिअन, ही तडजोड बऱ्याच जणांना चालेल.

नक्षत्राचं आद्याक्षर पाळणाऱ्यांसाठी: ‘ए’ हे कृत्तिकेचं चौथं चरण, रास वृषभ. ‘हे’ पुष्याचं, रास कर्क. ग्वेन्ह्लिअनला ‘ग’ धरून धनिष्ठेत बसवावं लागेल, आणि तिथे ‘गा, गी’ मकरेत तर ‘गू, गे’ कुंभेत, त्यामुळे गुरुजींशी थोडी घासाघीस होईल.

आडनावाबरोबर मोठ्यानं म्हणून बघा. एलिनेड देशपांडे, चांगलं. हेलेद कुलकर्णी, फारच चांगलं. ग्वेन्ह्लिअन गोखले जरा जड होतं. आणि आडनाव जोन्स, डेव्हिस किंवा विल्यम्स असेल तर नाव जितकं वेगळं तितकं बरं. सोळाव्या शतकात इंग्लंडशी विलीनीकरण झाल्यानंतर वेल्शांची ‘अमक्याची मुलगी तमकी’ ही पद्धत हळूहळू मोडली आणि बापांची नावं आडनावं म्हणून गोठली. बापांची नावं मोजकीच, म्हणून आडनावंही मोजकीच. एका गावात इतके जोन्स की दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स असं म्हणून ओळखायची पाळी. जुनी पद्धत आपल्या ओळखीची आहे: ग्वेन्ह्लिअन ‘व्हेर्ख’ ग्रिफिद, म्हणजे ग्रिफिदची मुलगी. काही वेल्श घरांनी ती पुन्हा सुरू केलीय. मराठी घराला मधलं नाव सोडायचं नसेल तर ते इथे मुळीच विचित्र दिसत नाही.

किती दुर्मीळ?

इंग्लंड आणि वेल्समधल्या बाळांच्या नावांचे आकडे तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर वर्षी प्रसिद्ध करतं. वर्षात तीनपेक्षा कमी बाळांना ठेवलेली नावं गोपनीयतेसाठी यादीतून वगळतात, तेव्हा एखादं नाव त्या यादीत दिसलंच नाही तर ‘अस्तित्वातच नाही’ असं समजू नये. तिघींपैकी कुठलीही सध्या वरच्या क्रमांकांच्या जवळपास नाही.

दुर्मीळपण मोजताना गावही बघावं लागतं. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे 5 लाख 38 हजार, म्हणजे 17.8 टक्के निघाले. ग्विनेद परगण्यात मात्र तेच प्रमाण 64.4 टक्के. ग्विनेदमधल्या बँगोरला राहणार असाल तर हेलेद किंवा ग्वेन्ह्लिअन कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. दक्षिणेकडच्या न्यूपोर्टला राहणार असाल तर आठवड्याला एकदा तरी स्पेलिंग सांगावं लागेल. आणि पुढेमागे पुण्याला परतणार असाल तर तिन्ही सारखीच नवी, मग उच्चार हाच निकष उरतो.

जी नावं यादीतून गेली

अँगहारड खरं तर जाऊ द्यायला नको होतं. अर्थ ‘अतिशय लाडकी’, आणि बारावं शतक याच नावानं भरलेलं. एकाच गोतावळ्यात बघा: सुंदर म्हणून गाजलेली राजकन्या नेस्ट, तिची मुलगी अँगहारड, आणि या अँगहारडचा मुलगा म्हणजे वर जत्रा वर्णन करणारा तो जेराल्ड. नेस्टचा भाऊ ग्रिफिद अप रीस, म्हणजे किडवेलीला लढलेली ग्वेन्ह्लिअन ही नेस्टची भावजय. नणंद नॉर्मन किल्लेदाराच्या घरात, भावजय नॉर्मनांविरुद्ध रणात. ग्वेन्ह्लिअनच्या लढाईची हकिकतही जेराल्डनंच लिहून ठेवली, आणि आजीच्या या भावजयीला त्यानं ग्रीक कथांतल्या अ‍ॅमेझॉन राणीची उपमा दिली. तर नाव मोठ्या घरचं आहे, पण मराठी तोंडात त्याचं ‘अंगारद’ होतं आणि पुढे ‘अंगारकी’वरून विनोद.

नेस्ट हे अ‍ॅग्नेसचं वेल्श रूप, पण इंग्लिश येणारा प्रत्येक जण घरट्याबद्दल बोलणार. नॉन ही सेंट डेव्हिडची आई, पेम्ब्रोकशरच्या कड्यावर तिची विहीर आहे, नाव सात्त्विक, पण मराठी पंगतीत ‘नॉन’ म्हटल्यावर पुढे ‘व्हेज’ येणारच. मोर्विद कवितेतली प्रेयसी, आणि इंग्लिश कानाला ‘मॉर्बिड’. ड्विन्वेन ही वेल्शांची प्रेमिकांची संत, 25 जानेवारीला तिचा दिवस असतो, आणि नावात दोन ‘व’ एकापाठोपाठ. ब्रान्वेन लोकांना आवडतं, पण तिची कथा सासुरवासाची आहे: आयर्लंडच्या राजाशी लग्न, स्वयंपाकघरात कोंडलेली, एका साळुंकीसारख्या पाखराला बोलायला शिकवून माहेरी निरोप, आणि शेवटी दोन देशांचा नाश पाहून दुःखानं मरण. हेलेद चालत असेल तर ब्रान्वेनही चालावी. मला दोघींत हेलेद उजवी वाटते, कारण ती निदान स्वतः बोलते.

जाता जाता एक सावधगिरी. वेल्शमध्ये ‘पांढरा’ म्हणजे ‘ग्विन’ आणि ‘पांढरी’ म्हणजे ‘ग्वेन’. म्हणून मुलीच्या नावाचा शेवट ‘-वेन’ असावा, ‘-विन’ नव्हे. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत मुलींची नावं ‘ब्रॉन्विन’ अशी सर्रास दिसतात, वेल्श माणूस ते वाचून भुवई उंचावतो. शिवाय ब्रॉन्वेन म्हणजे ‘गोऱ्या छातीची’, हेही माहीत असू द्या.

मग कुठलं?

आई किंवा बाप वेल्श बोलणारा असेल आणि मूल वेल्श शाळेत जाणार असेल, तर ग्वेन्ह्लिअन. त्या घरात ते नाव रोज बरोबर उच्चारलं जाईल. दोन्हीकडच्या आज्यांना सारखंच सोपं, आखूड आणि कवितेचं काही हवं असेल तर हेलेद, फक्त गोष्टीचा भार पेलायची तयारी हवी. दोघंही मराठी असाल, मुलूख मात्र वेल्सचा आवडला असेल, तर माझी पसंती एलिनेडला. संतकथा आहे, चतुर बाईची गोष्ट आहे, कवयित्री आहे, राज्यकर्तीही आहे. कुणाच्या राजकारणाचं ओझं नाही. आणि मराठीत लिहिलं की उच्चार सुटतो.

बारसं बाराव्या दिवशी असलं तरी वेल्समध्ये जन्माची नोंदणी 42 दिवसांत करायची असते, म्हणजे नाव घरात वापरून बघायला मधे जवळपास महिना मिळतो. नोंदणी इंग्लिशमध्ये किंवा इंग्लिश-वेल्श अशी दोन्ही भाषांत करता येते. बारशाच्या आमंत्रणावर मात्र इंग्लिश स्पेलिंग बघून ‘एलुनेड’ छापू नका, सरळ ‘एलिनेड’ छापा. मावशीकाकूंनी एकदा चुकीचं वाचलं की ते पुढे तसंच चालू राहतं.